स्नूकरमधून पूलकडे वळताना: व्यावसायिक खेळाडूने काय शिकावे आणि काय सोडावे

बारा फुटी स्नूकर टेबलावर पंधरा-वीस वर्षे घालवलेला खेळाडू पूलच्या नऊ फुटी टेबलापाशी पहिल्यांदा उभा राहतो, तेव्हा त्याला समोरचे काम सोपे वाटते. बॉल मोठे, पॉकेट रुंद, अंतर कमी. पहिल्याच दिवशी दोन-चार रॅक (एका डावासाठी मांडलेले बॉल) सलग साफ होतात आणि हा खेळ आपल्याला येतोच, असा समज होऊन बसतो. पुढे स्पर्धेत उतरल्यावर ज्याचे पॉटिंग, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये पाडण्याचे कसब, आपल्यापेक्षा उघड-उघड कच्चे आहे अशा प्रतिस्पर्ध्याकडून नऊ-चार असा पराभव पदरी पडतो आणि त्याचे कारण काही केल्या उमगत नाही. कारण साधे आहे: स्नूकरपटूचा सरळ चालणारा हात पूलमध्ये त्याच्या कामी येतो, परंतु टेबलाकडे पाहण्याची त्याची जुनी सवय त्याच्याच विरुद्ध काम करते. म्हणूनच पहिल्या वर्षाचा वेळ कुठे खर्च करावा, याचा विचार पुढे मांडला आहे. पॉटिंगच्या सरावाला त्यात जवळजवळ जागा नाही.

आधी कोण गेले

या वाटेवरचे सर्वांत ठळक नाव ॲलिसन फिशर यांचे आहे. महिलांच्या जागतिक स्नूकर स्पर्धेत सात वेळा विजेत्या ठरलेल्या या खेळाडूने १९९५ मध्ये इंग्लंड सोडून अमेरिका गाठली आणि १९९६, १९९७, १९९८ अशी सलग तीन वर्षे, नंतर पुन्हा २००१ मध्ये महिलांचे जागतिक नाइन-बॉल विजेतेपद मिळवले. (नाइन-बॉल हा पूलचा प्रकार: एक ते नऊ क्रमांकाचे बॉल, दर वेळी सर्वांत लहान क्रमांकाच्या बॉलला आधी मारायचे, आणि नऊ पाडणारा रॅक जिंकतो.) त्यांच्या मागोमाग उत्तर आयर्लंडच्या कॅरन कॉर गेल्या. पुढे केली फिशर यांनीही स्नूकरमधील पाच जागतिक विजेतेपदे मागे ठेवून तोच रस्ता धरला आणि २०१२ मध्ये त्या नाइन-बॉलच्या जगज्जेत्या झाल्या. (दोघींचे आडनाव एक असले तरी नाते नाही.) महिला स्नूकरमध्ये त्या काळी पैसा इतका थोडा होता की या तिघींच्या निर्णयाकडे धाडस म्हणून पाहण्यापेक्षा व्यावसायिक हिशेब म्हणून पाहणे अधिक योग्य ठरेल.

पुरुषांमध्ये चित्र वेगळे दिसते. सहा वेळा स्नूकरचे जगज्जेते ठरलेले स्टीव्ह डेव्हिस यांनी स्नूकर सोडले नाही. ते पूल जोडीने खेळत राहिले आणि युरोप विरुद्ध अमेरिका अशा मॉस्कोनी चषकात १९९४ पासून २००४ पर्यंत युरोपकडून उतरले. २००२ मध्ये अर्ल स्ट्रिकलंडविरुद्धचा निर्णायक सामना जिंकून चषक युरोपकडे आणणारे तेच होते. माल्टाचा टोनी ड्रागो, ज्याची ख्याती स्नूकरमध्ये मुख्यतः वेगासाठी होती, २००३ मध्ये वर्ल्ड पूल मास्टर्स जिंकून गेला आणि २००७ च्या मॉस्कोनी चषकात सर्वोत्तम खेळाडू ठरला. ड्रागोचे उदाहरण मला विशेष बोलके वाटते. स्नूकरमध्ये ज्या घाईने त्याचे नुकसान केले, तीच घाई नाइन-बॉलमध्ये, जिथे एका रॅकला चार-पाच मिनिटे पुरतात आणि मोठ्या स्पर्धांत प्रत्येक फटक्यावर घड्याळ चालते, त्याचा गुण ठरली. आपला स्वभाव कोणत्या खेळाला मानवतो, हे क्यू बदलण्याआधी पारखून घ्यावे ते यासाठीच.

कोणता पूल

‘पूल’ हा एक खेळ नाही, आणि कोणता निवडायचा हे आधी ठरवले नाही तर सहा महिने वाया जातात. ब्रिटनमधील सात फुटी टेबलावरचा एट-बॉल स्नूकरपटूला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तिथे पॉकेटची तोंडे स्नूकरसारखी गोलाईची असतात आणि बॉल लहान असतात. मार्क सेल्बी याने २००६ मध्ये या प्रकारातील जागतिक विजेतेपद मिळवले होते, म्हणजे स्नूकरचा जगज्जेता होण्याच्या आठ वर्षे आधी. चीनमधून पसरलेला हेबॉल, ज्याला चायनीज एट-बॉल असेही म्हणतात, हा खऱ्या अर्थाने मधला दुवा आहे: टेबल नऊ फुटी, बॉल अमेरिकन पूलचे, पण कापड आणि पॉकेट स्नूकरच्या घडणीचे. लांब पल्ल्याचा अचूक पॉट हेच ज्याचे भांडवल आहे, त्याने हेबॉलचा विचार गांभीर्याने करावा. तिथे ते भांडवल घटत नाही. परंतु जागतिक स्पर्धांचा मोठा भाग अमेरिकन टेबलावरच्या नाइन-बॉलचा आहे आणि खरे स्थलांतरही तेच आहे, म्हणून यापुढचे विवेचन नाइन-बॉलला धरून केले आहे.

साहित्य आणि टेबल

स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटर व्यासाचा, पूलचा ५७.१५ मिलिमीटरचा. फरक ऐकायला किरकोळ वाटतो. वजनात मात्र तो हाताला जाणवतो, कारण पूलचा बॉल नियमानुसार १५६ ते १७० ग्रॅमचा असतो. स्नूकर क्यूची टिप साधारण ९ ते १० मिलिमीटर, पूल क्यूची १२ ते १३. निमुळत्या ॲश लाकडाच्या स्नूकर क्यूने पूल खेळता येत नाही असे नाही, सुरुवातीला अनेक जण तसेच खेळतात; परंतु त्या क्यूने जोरदार ब्रेक, म्हणजे रॅक फोडणारा पहिला फटका, मारू नये, कारण तिचे टोक त्या धक्क्यासाठी घडवलेले नसते. माझे मत असे की पहिल्या महिन्यातच पूल क्यू हाती घ्यावी आणि मग मागे वळू नये. दोन क्यूंमध्ये हेलकावे खाणाऱ्या खेळाडूला साइड (मध्याच्या डावी-उजवीकडे मारून दिलेली फिरकी) लावल्यावर क्यू बॉल, म्हणजे पांढरा बॉल, किती बाजूला सरकतो, याचा अंदाज कोणत्याच क्यूवर बसत नाही. खेळायची एक, ब्रेकची कडक टिपवाली एक आणि जंपची (क्यू बॉल मधल्या बॉलवरून उडवण्याची) आखूड एक, अशा तीन क्यू पिशवीत असणे हे पूलमध्ये चैनीचे लक्षण मानले जात नाही.

स्टान्स, म्हणजे उभे राहण्याची पद्धत, बदलण्याची मात्र घाई करू नये. पूलमध्ये वाढलेले खेळाडू पुष्कळदा अंग तिरके करून, डोके थोडे वर ठेवून उभे राहतात, आणि नव्याने आलेला स्नूकरपटू त्यांचे अनुकरण करू लागतो. त्याची गरज नाही. हनुवटी क्यूला लावून, छातीचा आधार घेऊन सरळ मारणारा हात हीच त्याची मिळकत आहे. ॲलिसन फिशर यांची शैलीही अमेरिकेत स्नूकरचीच राहिली.

कापडाकडे येऊ. स्नूकरच्या कापडाला लव असते आणि ती एका दिशेने बसवलेली असते, त्यामुळे संथ बॉल किंचित वळतो. पूलचे कापड बिनलवीचे, गुळगुळीत आणि वेगवान असते. स्नूकरच्या सवयीने मारलेला फटका इथे दोन-अडीच फूट जास्त जातो आणि पोझिशन, म्हणजे पुढच्या फटक्यासाठी क्यू बॉलची हवी ती जागा, हुकते. पहिल्या आठवड्यात एकही बॉल पॉट न करता केवळ क्यू बॉल टेबलाच्या एका टोकाकडून मारून कुशनला (टेबलाच्या रबरी काठाला) लावून परत आणावा, एक लांबी, दोन लांब्या, तीन लांब्या. हात सैल पडेपर्यंत हाच सराव करावा. कंटाळवाणा आहे, पण याला पर्याय मला ठाऊक नाही.

पॉकेटबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पूलचे पॉकेट ‘सोपे’ असते असे सरसकट म्हणता येत नाही. ते वेगळे असते. त्याच्या तोंडाच्या कडा गोल नसून तिरप्या कापलेल्या असतात. कुशनला चिकटून येणारा बॉल, जो स्नूकरमध्ये जबड्याला किंचित स्पर्श होताच बाहेर फेकला जातो, तो इथे बऱ्याचदा आत शिरतो. उलट मोकळ्या कोनातून जोराने मारलेला बॉल दोन जबड्यांत खडखडून तोंडाशीच अडकतो. मोठ्या नाइन-बॉल स्पर्धांत आता कोपऱ्यातील पॉकेट चार इंचांपर्यंत अरुंद केलेली असतात, तेव्हा बॉलच्या दुपटीइतके रुंद तोंड असण्याचे दिवसही गेले. तरीही पॉकेटची डावी की उजवी बाजू वापरायची हे ठरवून क्यू बॉलचा मार्ग थोडा बदलता येतो, आणि ही सूट स्नूकरपटू सुरुवातीला वापरतच नाही. त्याला पॉकेटचा मध्यच दिसतो.

ब्रेक: जिथे सर्वांत जास्त वेळ द्यावा

स्नूकरमध्ये ब्रेक हा बचावाचा फटका आहे. एका लाल बॉलला कडेला हलकेच स्पर्श करून पांढरा बॉल परत बॉकच्या, म्हणजे जिथून ब्रेक मारतात त्या टोकाच्या, कुशनपाशी आणायचा, इतकाच त्याचा हेतू असतो. नाइन-बॉलमध्ये ब्रेक हा पहिला हल्ला आहे आणि अनेक सामन्यांचा निकाल त्यावरच लागतो. बारा-पंधरा वर्षे जो फटका जोराने मारायचाच नाही असे अंगी बाणवले, तोच आता जोराने आणि तरीही नेमका मारायचा असल्यामुळे स्नूकरपटूचा हा सर्वांत दुबळा भाग असतो.

सराव असा करावा. क्यू बॉल एका ठरावीक जागी ठेवावा आणि ती जागा कापडावर लहानशा गोल चिकटपट्टीने पक्की करावी. पहिले पन्नास ब्रेक निम्म्या जोराने मारावेत आणि एकच गोष्ट पाहावी: एक क्रमांकाच्या बॉलला लागल्यानंतर क्यू बॉल टेबलाच्या मध्यावर थांबतो का. तो मागे येत असेल तर खाली लागतो आहे, पुढे धावत असेल तर वर लागतो आहे, बाजूला उडत असेल तर एक क्रमांकाचा बॉल पुरता भरून लागत नाही. क्यू बॉल दहापैकी सात वेळा मध्यावर थांबू लागल्याखेरीज जोर वाढवू नये. वहीत तीनच नोंदी ठेवाव्यात, कोणते बॉल पडले, क्यू बॉल कुठे थांबला, आणि एक क्रमांकाचा बॉल दिसतो आहे का. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची, कारण दोन बॉल पाडूनही सर्वांत लहान क्रमांकाचा बॉल दडलेला असेल तर त्या ब्रेकचा उपयोग अर्धाच झाला.

रॅकची मांडणीही वाचायला शिकावी. एक क्रमांकाचा बॉल (रॅकचा सर्वांत पुढचा) टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर असेल तर कडेचा बॉल कोपऱ्यातील पॉकेटकडे बऱ्यापैकी नियमाने धावतो. नऊ क्रमांकाचा बॉल खुणेवर ठेवून रॅक पुढे सरकवलेला असेल, जसा अलीकडे मोठ्या स्पर्धांत असतो, तर ही खात्री कमी होते आणि एक क्रमांकाचा बॉल मधल्या पॉकेटमध्ये पाडण्याकडे लक्ष वळवावे लागते. बॉल न पडल्यास किमान चार बॉल कुशनला लागले पाहिजेत, हा नियम स्नूकरपटूला सहसा अडचणीत आणत नाही. जोराने मारलेल्या ब्रेकमध्ये ते आपोआप घडते.

टेबल सोपवण्याची किंमत

स्नूकरमध्ये चूक झाली तर प्रतिस्पर्ध्याला चार ते सात गुण मिळतात आणि पांढरा बॉल बहुधा आहे तिथेच राहतो. नाइन-बॉलमध्ये फाउल झाला की प्रतिस्पर्धी क्यू बॉल हातात घेऊन टेबलावर हवा तिथे ठेवतो. म्हणजे एका फाउलची किंमत बहुतेक वेळा अख्खा रॅक असते. त्यातही एक नियम नवख्याला हमखास फसवतो: योग्य बॉलला क्यू बॉल लागल्यानंतर एखादा बॉल पडला पाहिजे किंवा कोणता तरी बॉल कुशनला लागला पाहिजे. स्नूकरमध्ये अशी अट नाही. लाल बॉलच्या मागे पांढरा बॉल अलगद टेकवून ठेवणे, ही स्नूकरमधील सर्वांत सुबक सेफ्टी (बचावाचा फटका), पूलमध्ये सरळ सरळ फाउल आहे, आणि पहिल्या काही महिन्यांत तो हातून घडतोच.

लागोपाठ तीन फाउल करणारा खेळाडू रॅक गमावतो, हाही नियम डोक्यात असावा. दोन फाउल झालेल्या प्रतिस्पर्ध्याला तिसऱ्यांदा अडकवणे ही जिंकण्याची रीतसर युक्ती आहे, त्यात खट्याळपणा काही नाही. ब्रेकनंतरच्या पहिल्याच फटक्यावर मिळणारी पुश-आउटची सवलत तर स्नूकरपटूच्या बुद्धीसाठीच बनवली असावी असे वाटते. त्या फटक्यावर कोणत्याही बॉलला स्पर्श न करता क्यू बॉल हव्या त्या जागी ढकलता येतो आणि मग तिथून खेळायचे की परत तुम्हालाच खेळायला लावायचे, हे प्रतिस्पर्धी ठरवतो. आपल्याला जमणारा आणि त्याला न जमणारा फटका नेमका कोणता, याचा अंदाज इथे लागतो. सेफ्टीच्या द्वंद्वात वाढलेला खेळाडू पूलमध्ये सर्वांत लवकर कुठे पुढे जात असेल, तर तो इथेच.

रॅक साफ करण्याचा विचार

स्नूकरमध्ये लाल बॉलनंतर सहा रंगांपैकी सोयीचा रंग निवडता येतो. नाइन-बॉलमध्ये पुढचा बॉल ठरलेला असतो, आणि म्हणूनच त्या बॉलच्या कोणत्या बाजूला क्यू बॉल येतो हे अंतरापेक्षा महत्त्वाचे ठरते.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. सात क्रमांकाचा बॉल जवळच्या कोपऱ्यातील पॉकेटपासून फूटभर आहे, आठ क्रमांकाचा लांब कुशनच्या कडेला मधल्या पॉकेटच्या थोडा पलीकडे, आणि नऊ क्रमांकाचा दुसऱ्या टोकाच्या आखूड कुशनपाशी. स्नूकरपटू सात पॉट करून आठच्या जवळ, शक्य तितक्या सरळ रेषेत येतो, आणि समाधानाने चॉक लावतो. पण आठ सरळ असल्यामुळे क्यू बॉलला नऊकडे जायला कोनच उरत नाही. तो जागीच थांबतो, नाहीतर मागे येतो. फूटभर लांब पण टेबलाच्या आतल्या बाजूला थांबला असता, तर आठ पॉट झाल्यावर क्यू बॉल एका कुशनला लागून आपल्या गतीने नऊकडे गेला असता. काळ्या बॉलभोवती चार फुटांत एका खेपेत शंभर गुण जमवणाऱ्याला सरळ बॉल म्हणजे बक्षीस वाटते. इथे ती बहुतेकदा शिक्षा असते. त्यामुळे प्रत्येक रॅकच्या सुरुवातीला शेवटून मागे मोजत यावे: नऊसाठी आठवर कोणती बाजू, आठसाठी सातवर कोणती बाजू.

किक, बँक आणि जंप

इथे स्नूकरपटूला शब्दसंग्रहही बदलावा लागतो. त्याचा डबल (बॉल कुशनला लावून पाडणे) म्हणजे पूलमधील बँक, प्लँट (एका बॉलने दुसरा पाडणे) म्हणजे कॉम्बिनेशन, स्क्रू (क्यू बॉल मागे खेचणारी फिरकी) म्हणजे ड्रॉ, इन-ऑफ (क्यू बॉलच पॉकेटमध्ये जाणे) म्हणजे स्क्रॅच. आणि साइडला अमेरिकन खेळाडू ‘इंग्लिश’ म्हणतात, हे ऐकून इंग्रज खेळाडूंना आजही गंमत वाटते.

क्यू बॉल आधी कुशनला मारून मग बॉल गाठणे, म्हणजे किक, हे स्नूकरमध्ये नजरेच्या अंदाजाने केले जाते. पूल टेबलाच्या लाकडी कडांवर मात्र अठरा खुणा असतात आणि त्यांच्या आधारे चक्क हिशेब करता येतो. सर्वांत प्रचलित पद्धतीत, क्यू बॉल कोपऱ्यातून निघत असेल तर त्या कोपऱ्याला पाच हा आकडा देतात. समोरच्या लांब कुशनवरच्या आणि परतीच्या लांब कुशनवरच्या खुणा पलीकडच्या टोकाकडून मोजतात. क्यू बॉल तिसऱ्या कुशनला दोन क्रमांकाच्या खुणेवर यायला हवा असेल, तर पाचातून दोन वजा करून पहिल्या कुशनवर तीन क्रमांकाच्या खुणेकडे, धावती साइड (क्यू बॉल ज्या दिशेने उसळणार त्याच बाजूची फिरकी) लावून मारायचे. प्रत्येक टेबल यात थोडी भर किंवा तूट दाखवते, म्हणून सामन्याआधीच्या सरावात हाच फटका तीन-चार वेळा मारून त्या दिवसाची दुरुस्ती मनात नोंदवून ठेवावी.

जंप स्नूकरमध्ये फाउल आहे, त्यामुळे तो शून्यापासून शिकावा लागतो. आखूड क्यू, उंच धरलेली मूठ, आणि क्यू बॉलच्या मध्यावर वरून दिलेला चटकन झटका. ताकद लागत नाही. आठवड्यातून दोनदा अर्धा तास दिला तरी तीन महिन्यांत अर्ध्या टेबलाच्या अंतरावर भरवसा येतो.

व्यवसायाचा हिशेब

स्नूकरच्या व्यावसायिक दौऱ्याचे कार्ड दोन वर्षांचे असते आणि ते मिळवणे हीच मोठी लढाई असते. एकदा मिळाले की प्रवेश ठरलेला. पूलमध्ये बहुतेक मोठ्या स्पर्धा खुल्या असतात: प्रवेशशुल्क भरून जगज्जेत्यासमोर पहिल्याच फेरीत उभे राहता येते. ही मोकळीक सुखावते, पण प्रवास, राहणे आणि शुल्क हा खर्च आधी खिशातून जातो आणि बक्षिसाची रक्कम वरच्या काही खेळाडूंतच वाटली जाते. म्हणून पहिल्या वर्षी जवळच्या अंतरावरच्या स्पर्धा निवडाव्यात आणि जिथे एका पराभवानंतरही खेळत राहता येते, अशा दुहेरी बाद पद्धतीच्या स्पर्धांना प्राधान्य द्यावे. त्याच प्रवासखर्चात किमान दोन सामने हाती लागतात. सामने नऊ किंवा अकरा रॅकपर्यंतचे असतात, त्यामुळे स्नूकरच्या लांबलचक सामन्यांसारखे सकाळी हरवलेले संध्याकाळी भरून काढता येत नाही.

स्नूकर पूर्णपणे सोडायचे की डेव्हिसप्रमाणे जोडीने चालवायचे, याचे उत्तर स्नूकरमधील क्रमवारीवर अवलंबून आहे. कार्ड हातात असताना ते सोडून देणे मला घाईचे वाटते. कार्ड गेल्यावर ते परत मिळवण्याच्या नादात पूलची तीन वर्षे दवडणे त्याहून चुकीचे. जोडीने खेळायचे ठरवले, तर दोन्ही स्पर्धांच्या मध्ये किमान दहा दिवसांचे अंतर ठेवावे. पूलवरून स्नूकरकडे परतताना पहिले दोन दिवस पॉटिंगकडे न पाहता लवेचे कापड आणि हलका पांढरा बॉल यांची गती हातात येऊ द्यावी, आणि ब्रेकची कडक टिपवाली क्यू तेवढे दिवस घरीच ठेवावी.